रिपोर्ट नॉर्मल, मग झटका कशाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांत गेल्या आठवड्यात एका वाचकानं विचारलं होतं, की बायकोला वारंवार फिट येते, डोक्याचा एमआरआय झाला, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) झाला, सगळं नॉर्मल आहे, आता काय करावं? उत्तर चार ओळींचं होतं. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे आजार नाही, लक्ष वेधून घेण्यासाठी असं होतं, घरच्यांनी दुर्लक्ष करावं, असा त्याचा आशय. मी ईईजी तंत्रज्ञ आहे. ज्या रिपोर्टच्या भरवशावर हे उत्तर दिलं गेलं, त्याचं रेकॉर्डिंग माझ्यासारखीच कुणीतरी घेत असते. निदान करणं माझं काम नाही, औषध सांगणं तर नाहीच. पण त्या रिपोर्टात काय असतं आणि काय नसतं, हे सांगण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेते. पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्या.

साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. डोक्याचं माप घेऊन खुणा करायच्या, पेस्ट लावून एकेक इलेक्ट्रोड बसवायचा, डोळे उघडा-मिटा म्हणायचं, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायचा, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवायचा. तेवढ्या वेळात मेंदूनं जे दाखवलं तेच नोंदलं जातं. झटका मात्र येऊन गेलेला असतो चार दिवसांपूर्वी, रात्री, घरी. खरीखुरी मिरगी असलेल्यांपैकीही जवळजवळ निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा ‘नॉर्मल’ याचा अर्थ इतकाच, की त्या अर्ध्या तासात मिरगीच्या खुणा सापडल्या नाहीत. त्यावरून ना मिरगी नाही असं ठरतं, ना दुसरा काही आजार नाही असं.

खरी उकल होते ती व्हिडिओ-ईईजीमध्ये. रुग्णाला काही तास, कधी काही दिवस, कॅमेऱ्यासमोर तारा लावून ठेवतात आणि झटका येण्याची वाट बघतात. झटका आला की शरीर काय करतंय आणि त्याच क्षणी मेंदूच्या लहरी काय करताहेत, हे शेजारी-शेजारी दिसतं.

असा एक प्रसंग सांगते. ओळख लागेल असे तपशील गाळले आहेत. तरुण मुलगी, सोबत नवरा. जोरात श्वास घेण्याच्या दुसऱ्या मिनिटाला तिचे हात थरथरायला लागले, मग डोकं डावी-उजवीकडे जोरानं हलायला लागलं, कंबर पलंगावरून उचलली जाऊ लागली. डोळे घट्ट मिटलेले. मध्येच सगळं थांबायचं, पुन्हा उसळायचं. पडद्यावर स्नायूंच्या हालचालींनी सगळ्या रेघा काळ्याभोर झालेल्या, वाचता येण्यासारखं काही नाही. पण शरीर थांबायचं त्या एक-दोन सेकंदांत डोक्याच्या मागच्या भागावरच्या चॅनलांत स्वच्छ अल्फा लहर दिसायची, सेकंदाला दहाच्या आसपास. जागा माणूस शांतपणे डोळे मिटून पडला की दिसते तीच. सर्वांगाला झटके देणारी मिरगी असती, तर या जागी मेंदूतलं वादळ दिसलं असतं आणि झटका ओसरल्यावर लहरी बराच वेळ मंदावलेल्या राहिल्या असत्या. इथं शरीर शांत झालं तेव्हा पडदाही लगेच पहिल्यासारखा. ती मात्र रडत होती, आणि का ते तिला सांगता येत नव्हतं.

अशा वेळी आम्ही रुग्णाच्या कानाशी एखादा शब्द म्हणतो आणि नंतर विचारतो. मी ‘निळी छत्री’ म्हटलं होतं. तेव्हा तिनं काहीच प्रतिसाद दिला नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, “कुणीतरी खूप लांबून छत्री म्हणालं. मला ‘हो’ म्हणायचं होतं, पण तोंड माझं नव्हतंच.”

नवरा दारापाशी उभा होता. त्यानं हळूच विचारलं, “मॅडम, म्हणजे शुद्धीवर होती ना? मग नाटकच झालं की.”

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. कधी सासू विचारते, कधी बाप, आणि वाईट वाटून सांगते, कधीकधी वॉर्डातला स्टाफही. त्या अल्फा लहरीनं एवढंच सांगितलं, की हा झटका मिरगीचा नव्हता. ती तो मुद्दाम करत होती, असं लहर सांगत नाही. हेतू मोजणारं चॅनल माझ्या यंत्रात नाही. शब्द ऐकू येणं, तो समजणं, त्याला उत्तर द्यावंसं वाटणं आणि उत्तर देण्यासाठी तोंड हलवता येणं या चार गोष्टी आपल्याला एकच वाटतात, कारण एरवी त्या एकदमच घडतात. तिच्या बाबतीत त्यांची जोडणी सुटली होती. डिसोसिएशन म्हणतात ते हेच. जाणीव, आठवण, ‘मी’ असल्याची भावना आणि शरीरावरचा ताबा हे सगळं एकजुटीनं चालतं, ती एकजूट काही काळ मोडते.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात अशा झटक्यांना डिसोसिएटिव्ह विकारांतच जागा दिली आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक विकारांच्या यादीत, डीएसएम-५ मध्ये, हेच झटके वेगळ्या कप्प्यात, शारीरिक लक्षणांच्या विकारांत आहेत. तज्ज्ञांचा हा वाद चालू राहील. पण दोन्हीकडे ते आजार म्हणूनच नोंदलेले आहेत, हे आपल्या स्तंभलेखकांच्या नजरेस आणून द्यावंसं वाटतं.

झटक्यांचं लिहिलं कारण ते माझ्या खोलीत घडतात. डिसोसिएशनची बाकीची रूपं इतकी दणदणीत नसतात आणि म्हणूनच जास्त लपून राहतात. किशोरवयातली मुलं ‘डोक्यात काहीतरी होतंय’ म्हणून ईईजीला पाठवली जातात. तारा लावताना गप्पा मारल्या की एखादा मुलगा हळूच सांगतो, की आरशातला चेहरा माझा आहे हे मला माहीत आहे, पण तसं वाटत नाही. हात हलतो तो मी हलवला असं वाटत नाही. समोर आई बोलते, शब्द कळतात, पण ती पडद्यावर असल्यासारखी सपाट दिसते. याला डीपर्सनलायझेशन आणि डीरिअलायझेशन म्हणतात. पहिल्यात स्वतःपासून तुटल्यासारखं होतं, दुसऱ्यात भोवतालच्या जगापासून. थकवा, जागरण, मोठा धक्का यांत घटकाभर असं होणं अगदी सर्रास आहे, साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधीतरी त्याचा अनुभव येतो. विकार म्हणायचं ते हा अनुभव मुक्कामाला राहिला किंवा पुन्हा पुन्हा आला आणि त्यानं जगणं अवघड केलं तर. शंभरात एक-दोघांना तो असतो आणि बहुतेकांत सोळाव्या वर्षाच्या आगेमागे सुरू होतो. पॅनिक अटॅकनंतर, गांजा ओढल्यानंतर सुरू झाल्याचंही अनेक जण सांगतात.

यात एक खूण महत्त्वाची. ही मुलं ‘जणू’ म्हणतात. जणू मी यंत्र आहे, जणू सगळं खोटं आहे. आपल्याला वाटतंय ते खरं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ज्याला खरोखर भ्रम झालेला असतो तो ‘जणू’ म्हणत नाही. तरीही ‘मला वेड लागतंय’ या धास्तीनं ही मुलं वर्षानुवर्षं कुणापाशी बोलत नाहीत. घरच्यांना एवढंच दिसतं, की पोरगा हल्ली कशातच रमत नाही, आजोबा गेले तरी रडला नाही. दगड आहे, असं म्हणून मोकळे होतात. २००१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी अशा रुग्णांना किळसवाणी चित्रं दाखवून त्यांचं मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. भावनेची चव देणारा इन्सुला नावाचा भाग त्यांच्यात फारसा पेटला नाही, आणि पुढच्या बाजूचा, आवर घालणारा भाग उलट जास्त सक्रिय दिसला. भावना नसते असं नाही. ती वर यायच्या आत दाबली जाते, आणि हे तो मुलगा ठरवून करत नाही.

स्मृतीच्या बाबतीत असं झालं, की त्याला डिसोसिएटिव्ह अम्नेशिया म्हणतात. डोक्याला मार नाही, मेंदूत गाठ नाही, पण आयुष्यातला एखादा तुकडाच सापडत नाही, बहुधा सहन न होणाऱ्या प्रसंगाभोवतीचा. चालणं, बोलणं, हिशेब, कसब शाबूत असतं. क्वचित माणूस घर सोडून भलतीकडे निघून जातो. अमेरिकेतल्या अॅन्सेल बोर्न नावाच्या धर्मोपदेशकाची नोंद प्रसिद्ध आहे. १८८७ च्या जानेवारीत बँकेतून पैसे काढून तो नाहीसा झाला. मार्चमध्ये एका सकाळी पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाऊन गावात जागा झाला आणि ‘मी कुठे आहे?’ म्हणून शेजाऱ्यांना विचारू लागला. शेजारी त्याला ए. जे. ब्राऊन या नावानं ओळखत होते. या नावानं त्यानं तिथं दुकान भाड्यानं घेऊन कागद-पेन्सिली, फळं आणि गोळ्या-मिठाई विकायला सुरुवात केली होती, आणि धंदा नीट चालला होता. पुढे १८९० मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी त्याला संमोहित केलं, तेव्हा त्या अवस्थेत ब्राऊन बोलला, त्या दिवसांची हकिगत सांगितली, पण बोर्नची ओळख त्याला नव्हती.

मग राहतो तो एका माणसात अनेक व्यक्ती असण्याचा विकार, डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. १९९४ पर्यंत त्याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत. सगळ्यांना हा एकच ठाऊक असतो, आणि तोही मालिकांतला: आवाज बदलला, डोळे गरागरा फिरले, हातात सुरा आला. प्रत्यक्षात तो इतका झाकलेला असतो, की निदान व्हायलाच बरीच वर्षं जातात. कपाटात न घेतलेले कपडे सापडतात. न बोललेलं बोलल्याचं लोक सांगतात. डोक्यात दुसऱ्याचे वाटावेत असे विचार आणि आवाज येतात, आणि ते सांगितले की स्किझोफ्रेनियाची औषधं सुरू होतात. मुळाशी बहुतेकांत लहानपणचा दीर्घ छळ असतो. धोका इतरांना कमी आणि स्वतःला जास्त. डीएसएम-५ नुसार बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. या विकाराबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही लिहायला हवं. काही जणांचं म्हणणं, उपचार करणाऱ्यांच्या सूचनांतून आणि चित्रपटांतून तो घडवला जातो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना या रुग्णांसारखं वागायला शिकवून दोघांच्या मेंदूतला रक्तप्रवाह आणि नाडी-रक्तदाब तपासले. वठवणाऱ्यांना रुग्णांसारखा नमुना काढता आला नाही, कल्पनाशक्ती दांडगी असलेल्यांनाही नाही.

माझ्या विषयाच्या जवळची एक नोंद जर्मनीतली आहे. व्हीईपी ही तपासणी आम्ही नेहमी करतो. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन उलटसुलट करायचे आणि डोळ्यांकडून मेंदूच्या मागच्या भागाला पोचणारी लहर नोंदवायची. अपघातानंतर आंधळी ठरवली गेलेली एक स्त्री बरीच वर्षं तशीच जगत होती. आयडेंटिटी डिसऑर्डरवर उपचार चालू असताना तिच्या काही अवस्थांत दृष्टी परतली. व्हीईपी केली तर दिसणाऱ्या अवस्थेत लहर व्यवस्थित, न दिसणाऱ्या अवस्थेत लहर नाही. २०१५ मध्ये यावर लिहिलं गेलं आणि बराच गाजावाजा झाला. मी मात्र यावर फार मोठा इमला बांधणार नाही. रुग्णानं नजर जागेवरून हलवली किंवा मुद्दाम अंधूक केली तरी ही लहर बिघडते, हे आम्हा तंत्रज्ञांना रोज दिसतं. आणि शेवटी ती एकटीचीच नोंद आहे.

आता ‘लक्ष वेधण्यासाठी’ याबद्दल. असे झटके येणाऱ्यांना झटक्याआधी काय होतं असं विचारलं, तर घाम फुटणं, धडधड, हातापायांना मुंग्या, गरगरणं असं बरंच निघतं. ‘भीती वाटली का?’ असं विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात. शरीर पुरतं घाबरलेलं आणि मनाला त्याचा पत्ता नाही. लक्ष वेधायचं असेल तर याहून सोपे मार्ग आहेत. झटके एकटं असतानाही येतात, जिन्यात येतात, हाडं मोडतात. प्रत्येकामागे अत्याचाराचीच कहाणी असते असंही नाही. डीएसएमनं २०१३ मध्ये मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली, ती याचसाठी. नाहीतर घरचे ‘आमच्याकडे तिला काय कमी आहे?’ म्हणून आपल्यावरच आळ आल्यासारखे बिथरतात.

एक पद्धत मला कधीच पटलेली नाही. ‘या इंजेक्शननं झटका येतो’ असं सांगून साधं सलाइन टोचायचं, आणि झटका आला की ‘बघा, पाण्यानं आला’ असं घरच्यांना दाखवायचं. निदानाला मदत होते, हे मान्य. पण जिचा स्वतःच्या शरीरावरचाच विश्वास उडालेला आहे, तिला तिच्या उपचारकर्त्यांनीच फसवायचं, आणि मग समुपदेशनाला ये म्हणायचं? ती येत नाही. दुसऱ्या दवाखान्यात जाते आणि तिथं पुन्हा मिरगीच्या गोळ्या सुरू होतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात असे झटके सुरू झाल्यापासून योग्य निदान होईपर्यंत सरासरी सात वर्षांहून जास्त काळ गेल्याचं आढळलं होतं. तेवढी वर्षं ज्या गोळ्या लागू पडतच नाहीत त्या घ्यायच्या. झटका लांबला की इमर्जन्सीत झोपेची इंजेक्शनं एकावर एक, त्यानं श्वास मंदावतो, मग घशात नळी. दुर्लक्ष करा म्हणण्यानं आणि औषधांचा मारा करण्यानं सारखंच नुकसान होतं.

निदान नीट समजावून सांगितलं, म्हणजे झटके खरे आहेत, ते मिरगीचे नाहीत, तू ते मुद्दाम करत नाहीस आणि यावर उपचार आहे असं सांगितलं, तर काही जणांचे झटके तेवढ्यानंच कमी होतात. बाकीच्यांसाठी मुख्य उपचार बोलण्याचा. यावर खास औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यांची औषधं देतात. चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नये. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. संज्ञानात्मक वर्तन उपचारांनी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचारांनी, वर्षाअखेरीस महिन्याकाठच्या झटक्यांची संख्या ठोस म्हणावी इतकी घटली नाही. पण झटक्याविना जाणारा सर्वांत मोठा काळ वाढला, आणि रोजचं जगणं सुधारल्याचं रुग्णांनी सांगितलं. माझ्या मते ही लहान गोष्ट नाही. झटका पुन्हा येईल या धास्तीनं ज्यांनी बाहेर पडणं सोडलेलं असतं, त्यांना विचारा.

त्या वाचकाला माझं सांगणं असं. तुमच्या पत्नीला मिरगी आहे की डिसोसिएटिव्ह झटके, हे मी लांबून सांगू शकत नाही, आणि आपल्या स्तंभालाही सांगता येणार नाही. काहींना दोन्ही असतात. म्हणून मिरगीच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनानं बंद करू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना व्हिडिओ-ईईजीबद्दल विचारा, आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर ‘वेडी ठरवली’ असं समजू नका. झटका आला की भोवतीच्या वस्तू बाजूला करा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, शांत आवाजात बोलत राहा. पाच मिनिटांत थांबला नाही, मार लागला किंवा श्वास नीट वाटला नाही तर दवाखाना गाठा.

आणि जवळ कुणी दुसरं असेल तर त्याला तिच्या संमतीनं मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. ती संमती आधीच, ती बरी असताना घ्या. चेहरा दिसू द्या, डोळे उघडे आहेत की मिटलेले ते दिसू द्या. सुरुवात हुकली तरी चालेल, शेवट चुकवू नका, आणि शांत झाल्यावरची दोन-तीन मिनिटंही घ्या. मध्येच एखादा साधा शब्द मोठ्यानं म्हणा आणि नंतर तिला आठवतो का ते विचारा. आठवला तर तो डॉक्टरांना सांगण्यासाठी लिहून ठेवा, तिला पकडल्याचा पुरावा म्हणून नको.

आपली,
एक ईईजी तंत्रज्ञ

(नाव छापू नये, ही विनंती. माझ्या नावावरून रुग्णांची ओळख लागू शकते.)